इटालियन शिकायची असेल तर मराठीच्या आधाराने शिका

इटलीतील विद्यापीठात प्रवेश निश्चित झाला की आपल्या नागपुरातील बहुतेक मुले मोबाइलवर एखादे इंग्रजी ॲप उतरवून घेतात, महिनाभर उत्साहाने 'सफरचंद' आणि 'मांजर' यांचे शब्द पाठ करतात आणि मग ते सोडून देतात. अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, मग भाषेची एवढी गरज काय, असाही एक युक्तिवाद असतो. परंतु घरमालक, दवाखाना आणि सरकारी कचेरी यांचा व्यवहार तेथे इटालियनमध्येच चालतो, आणि देशात पोहोचल्यापासून 8 कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागत असल्याने पहिल्याच आठवड्यात या भाषेशी गाठ पडते. सल्ला विचारायला येणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: ही भाषा इंग्रजीतून नव्हे, मराठीतून शिका. इंग्रजी पुस्तके इंग्रजी भाषकाला जे जड जाते ते पानोपानी समजावतात आणि आपल्याला जे जड जाते त्यावरून घाईने पुढे जातात.

उच्चारांचेच पाहा. इटालियनमधील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, पण रोमन लिपीतील टी आणि डी दिसताच शाळेच्या सवयीने आपली जीभ ट आणि ड यांच्याकडे वळते. म्हणून सुरुवातीला प्रत्येक नवा शब्द वहीत देवनागरीतही लिहावा. 'पिझ्झा' म्हणणाऱ्याने 'चोर' आणि 'चमचा' यांतील च आठवून 'पीत्सा' म्हणून पाहावे. मराठी माणसाला तो ध्वनी नव्याने शिकावा लागत नाही. पुढे इ किंवा ए असेल तर रोमन सी 'चेहरा'मधील च होतो आणि जी 'जीभ'मधील ज होतो. मध्ये एच आला की तेच क आणि ग होतात. जोडव्यंजनांसाठी इंग्रजी भाषकांना बराच सराव करावा लागतो, कारण 'पाला' म्हणजे फावडे आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू हा फरक त्यांच्या कानाला चटकन कळत नाही. 'पता' आणि 'पत्ता' वेगळे ओळखणाऱ्या आपल्याला त्यात काय अवघड आहे?

व्याकरणात तर हा लाभ अधिकच मोठा आहे. 'मला कॉफी आवडते' हे वाक्य इटालियनमध्ये 'मि प्याचे इल काफ्फे' असे होते आणि त्यातील 'मि' म्हणजे आपले 'मला'च. पुस्तके आवडत असतील तर क्रियापद अनेकवचनी होऊन 'मि प्याच्चोनो ई लिब्री' होते, जसे आपण 'आवडतात' म्हणतो. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. भूतकाळातही तसेच आहे. 'गेलो' आणि 'गेले' यांतला फरक 'सोनो आन्दातो' आणि 'सोनो आन्दाता' यांत जसाच्या तसा सापडतो. सफरचंदासाठीचा 'मेला' हा शब्द तेथे स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'ते मी खाल्ले' हे सांगताना 'लो मांजाता' म्हणतात, म्हणजे धातुसाधित कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. 'मी पोळी खाल्ली' हा कर्मणी प्रयोग ज्याच्या तोंडात बसला आहे त्याला हा नियम ओळखीचा वाटेल, मात्र इटालियनमध्ये तो मुख्यतः आधी सर्वनाम आले तरच लागू होतो, एवढे ध्यानात ठेवावे. 'लहानपणी मी जायचो' यासाठी 'आन्दावो' हे वेगळे रूप आहे. 'गेलो' आणि 'जायचो' यांतील भेद जाणणाऱ्याने त्यावरील लांबलचक प्रकरण एका बैठकीत संपवावे.

लिंगाच्या बाबतीत नागपूरकरांना आणखी एक सोय आहे. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी, हे आपण दोन्ही भाषा रोज बोलताना विचार न करता सांभाळतो. 'लिब्रो' पुल्लिंगी आहे, ही त्यात एक भर. तरीही 'ओ' म्हणजे पुल्लिंग आणि 'आ' म्हणजे स्त्रीलिंग या ढोबळ नियमावर विसंबू नये, कारण 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी आहे आणि 'मानो', म्हणजे हात, स्त्रीलिंगी आहे.

खरा वेळ द्यावा तो उपपदांना (इंग्रजीतील 'द'सारख्या, नामाआधी येणाऱ्या शब्दांना) आणि संबंध दाखवणाऱ्या शब्दांना, कारण मराठीत उपपदे नाहीतच आणि आपले प्रत्यय नामाच्या मागून येतात. 'इल', 'लो', 'ला', 'ई', 'ल्यी', 'ले' ही रूपे तक्त्यातून पाठ करण्याऐवजी प्रत्येक नाम उपपदासकटच शिकावे: 'लिब्रो' नव्हे, 'इल लिब्रो'; 'स्तुदेन्ते' नव्हे, 'लो स्तुदेन्ते'. 'रोमला' म्हणताना 'आ', 'इटलीला' म्हणताना 'इन' आणि 'डॉक्टरकडे' म्हणताना 'दाल' येते; हे पूर्ण वाक्ये मोठ्याने म्हणूनच अंगवळणी पडते. दुसरी अडचण आघाताची, म्हणजे शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याची. तो बहुधा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, परंतु 'तेलेफोनो'मध्ये 'ले'वर येतो आणि लिहिताना त्याची खूण नसते. येथे कानाचाच आधार घ्यावा लागतो, म्हणून राय या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या बातम्या इंटरनेटवर रोज थोडा वेळ ऐकाव्यात आणि बातमीदाराच्या मागोमाग बोलावे. त्रेक्कानीचा मोठा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो, पण तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा.

बोलण्यासाठी ऑनलाइन शिक्षक शोधणार असाल तर घड्याळ पाहून शोधा. इटली हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत साडेतीन तास मागे असते; तेथील संध्याकाळचा वर्ग आपल्या मध्यरात्रीपर्यंत लांबतो. याउलट तेथील सकाळचे 9 म्हणजे मे महिन्यात आपले दुपारचे साडेबारा. त्या वेळी उन्हामुळे नागपुरात कोणी घराबाहेर पडत नाही, कूलरसमोर बसून तासभर बोलण्यास याहून चांगली वेळ नाही. शिक्षकाशी 'तू' या अर्थाच्या 'तू'ने आणि कचेरीतील माणसाशी आदरार्थी 'लेई'ने बोलण्याचा सराव आधीच करून ठेवावा.

प्रमाणपत्राची घाई मात्र करू नये. सिएना आणि पेरुजा येथील परदेशीयांसाठीची विद्यापीठे अनुक्रमे चिल्स आणि चेली या परीक्षा घेतात, तर दान्ते अलिगिएरी सोसायटी प्लीदा घेते. भाषाज्ञानाच्या ए1 ते सी2 या युरोपीय मोजपट्टीवर दीर्घकालीन निवास परवान्यासाठी ए2 आणि नागरिकत्वासाठी बी1 पातळी लागते. केवळ पदवी घेऊन परतणाऱ्याने शुल्क भरण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाने कोणती पातळी मागितली आहे, आणि मुळात मागितली आहे का, हे प्रवेशाच्या सूचनापत्रात वाचावे.