लाईट जाती अन् ब्रेडचा खड्डा होतो

परभणीत मे महिन्यात ब्रेड मशीन लावायची म्हणजे लै डोक्याला ताप झालाय. साडेतीन तासाचा प्रोग्राम, मळून झालं, पीठ मस्त फुगायलंय, अन् नेमकी त्याच टायमाला लाईट जाती. दहा मिनिटात आली तर आमच्या मशीनला आठवतं कुठं थांबलो ते, पण अर्ध्या तासानं आली की सगळं पहिल्यापासून, म्हणजे फुगलेलं पीठ परत मळून हवा काढून टाकणार! आज परत तेच. बाहेर ४२ डिग्री, यीस्ट काय लाईटीसाठी थांबत नाही, पीठ वर येऊन झाकणाला चिकटलं अन् मग मधोमध बसलं. फ्रीजचं पाणी घातलं होतं, यीस्टबी पाव चमचा कमी केलं होतं, तरी हे! शेवटी जाड बुडाच्या पातेल्यात घालून गॅसवर भाजलं, खालून करपलं अन् आत कच्चंच. लेकरं सकाळपासून ब्रेड ब्रेड करायलेत. ४०० ग्रॅम पीठ असं टाकून द्यायचं म्हणलं की जीव तुटतो हो. लाईट जाणार म्हणून तासभर आधी एक मेसेज टाकायला काय जातंय त्यांचं?