प्रभागात दंडाधिकारी येणार, हा मेसेज चुकीचा आहे

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'कोर्टावरचा ताण कमी करायला प्रत्येक प्रभागात स्थानिक दंडाधिकारी नेमणार. मारामारी, चोरीचे खटले तेच निकाली काढतील. नगरसेवकाकडे अर्ज द्या.' यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे.

दाखले साक्षांकित करणारे विशेष कार्यकारी अधिकारी खटला चालवू शकत नाहीत. कार्यकारी दंडाधिकारी शांतताभंग टाळण्यासाठी बंधपत्र (लेखी हमी) घेतात, म्हणजे आपल्याकडची 'चॅप्टर केस'. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे काम सहायक पोलीस आयुक्तांकडे असते. तेही कोणाला चोरीसाठी शिक्षा देऊ शकत नाहीत.

तिसरी गोष्ट मात्र खरी आणि मोलाची आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ११ मध्ये विशेष न्यायदंडाधिकाऱ्याची तरतूद आहे (जुन्या कायद्यातही ती होतीच). सरकारने विनंती केल्यावर उच्च न्यायालय खटले चालवण्याचे हे अधिकार देते, तेही सरकारी पदावर असलेल्या किंवा राहिलेल्या आणि कायद्याची ठरलेली पात्रता वा अनुभव असलेल्या व्यक्तीला, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठी. नगरसेवकाच्या शिफारशीला इथे जागाच नाही आणि ती नसावीच. २००८च्या कायद्यातली ग्रामन्यायालयेही पंचायत क्षेत्रासाठी आहेत, घोडबंदर किंवा वाशीसाठी नाहीत.

ठाणे किंवा बेलापूरच्या कोर्टात तारखांवर तारखा घेणाऱ्यांची आशा मला कळते. म्हणूनच अर्जासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, पोलिसांत तक्रार करा.