डाळिंबाच्या बागेतल्या माणसाला रिसर्च पेपर का मिळू नये?

मागच्या महिन्यात एक माजी विद्यार्थी ग्रंथालयात आला. सांगोल्याकडचा. एमएस्सी झाल्यावर नोकरीच्या मागे न लागता वडिलांची डाळिंबाची बाग बघतो. मृग बहार धरला होता आणि तेल्या हा जिवाणूमुळे होणारा रोग आला. मोबाइलमधले फोटो दाखवले त्याने. फळांवर तेलकट काळे डाग, मधोमध उललेली साल. “मॅडम, स्ट्रेप्टोसायक्लीन मारून मारून थकलो. जिवाणू या औषधाला दाद का देत नाही यावर एक रिसर्च पेपर आलाय. तेवढा काढून द्या.”

पेपर आपल्याच शास्त्रज्ञांचा, सरकारी अनुदानावर झालेला, नमुने आपल्याच बागांमधून गोळा केलेले. त्याच्या मोबाइलवर मात्र सारांश संपला की खाली किंमत दिसत होती, चाळीस डॉलरच्या घरात. माझ्या टेबलावरच्या संगणकावर तोच पेपर एका क्लिकमध्ये उघडला. पण डाउनलोड करून त्याला पाठवायची मुभा मला नाही. वर्गणीचा करार संस्थेतल्या विद्यार्थ्यांपुरता आणि प्राध्यापकांपुरता असतो. दोन वर्षांपूर्वी तो इथे शिकत होता, तेव्हा त्याला हक्क होता. पदवी घेऊन गेटबाहेर पडला आणि हक्क संपला. शेवटी मी त्याला शेजारी खुर्ची दिली आणि त्याने तासभर बसून पेपरमधले तक्ते वहीत उतरवून घेतले. पेनाने. मला फार लाज वाटली.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलंय, म्हणजे सगळ्या सरकारी संस्थांसाठी केंद्रानेच नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरलीय, आता कसली अडचण, असं बरेच जण विचारतात. मी या योजनेच्या विरोधात नाही. वीस वर्षं मी दर मार्चमध्ये कोणतं नियतकालिक बंद करायचं यावर विभागप्रमुखांशी वाद घालत आले. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने योजनेला मंजुरी दिली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आम्हा ग्रंथपालांना झाला. तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास १.८ कोटी वाचक. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

पण वर्गणी म्हणजे भाडं. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, आणि मुदत संपली की पुन्हा वाटाघाटीला बसायचं. खाजगी दवाखाना चालवणारी डॉक्टर, पत्रकार, निवृत्त शिक्षक, माझा हा डाळिंबवाला, हे सगळे दाराबाहेरच. यातले कितीतरी जण आजवर साय-हबवर, म्हणजे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय पेपर फुकट देणाऱ्या साइटवर जायचे. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती साइट भारतात बंद करण्याचा आदेश झाला. कायद्याने ते बरोबर असेल. पण गरज होती म्हणून लोक तिथे जात होते, आणि ती गरज कोणत्याही आदेशाने मिटलेली नाही.

दुसरा मार्ग म्हणजे लेखकाने पैसे भरायचे आणि पेपर सगळ्यांना खुला. ऐकायला छान. ‘नेचर’ या नामवंत विज्ञान नियतकालिकाने २०२१ पासून हा पर्याय दिला, शुल्क साडेनऊ हजार युरो. तेव्हाच्या दराने साडेआठ लाखांच्या आसपास. आपल्या जेआरएफला, म्हणजे नव्या संशोधक विद्यार्थ्याला, महिन्याला ३७ हजार मिळतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची फेलोशिप एका पेपरला. पेपर लिहिणाऱ्याला मानधन नाही, तपासणाऱ्यालाही नाही. आधी वाचकाने पैसे भरायचे, आता लेखकाने. पैसे जाणार त्याच घरी. खालच्या टोकाला व्हॉट्सअपवरची दुकानं आहेतच. दोन-तीन हजार भरा, आठवड्यात पेपर छापून प्रमाणपत्रासकट घ्या. पदोन्नतीच्या फायलीसाठी चांगले शिक्षक तिथे पैसे भरताना मी पाहिलेत आणि मला त्यांचा राग येण्याऐवजी वाईटच वाटलं.

तिसरा मार्ग आपल्याकडे मुंबईतच काढला गेला, आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. परळच्या केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. म्युनिसिपल हॉस्पिटलातले डॉक्टर ओपीडी सांभाळून ते चालवतात. खुल्या प्रकाशनाची व्याख्या करणारा बुडापेस्ट जाहीरनामा २००२ चा. त्याच्या आसपासच या मंडळींनी आपले लेख इंटरनेटवर मोफत ठेवले होते, तेही लेखकाकडून पैसे न घेता. नंतर त्यांनीच आकडेवारी मांडून दाखवलं की लेख खुले केल्यावर इतर संशोधकांच्या लेखांत त्यांचे दाखले जास्त दिले जाऊ लागले. डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत उभ्या केलेल्या मेडनो या प्रकाशन संस्थेने भारतातल्या कितीतरी वैद्यकीय संघटनांच्या नियतकालिकांना ही वाट दाखवली. २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या परदेशी प्रकाशकाने मेडनो विकत घेतलं. हे घडवणारी संस्था आपल्या हातात राहायला हवी होती असं मला आजही वाटतं. सहा हजार कोटींतला थोडा भाग अशा नियतकालिकांच्या संपादनाला, सर्व्हरला, प्रूफं तपासणाऱ्यांच्या पगाराला दिला असता तर? भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची नियतकालिकं आज कुणालाही मोफत वाचता येतात. म्हणजे जमतं. पण आपल्याच बढतीच्या नियमांना परदेशी नाव मोठं वाटतं, मग चांगला पेपर तिकडे जातो आणि कुलूपबंद होतो.

तोवर एक गोष्ट आजच करता येते. बहुतेक प्रकाशक लेखकाला स्वीकृत झालेल्या मजकुराची आपली प्रत, म्हणजे प्रकाशकाने मांडणी करण्याआधीची वर्ड फाइल, संस्थेच्या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवू देतात. कधी लगेच, कधी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या विभागांनी आपल्या अनुदानावरच्या कामासाठी २०१४ पासून हेच धोरण ठेवलंय. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या देशव्यापी ऑनलाइन संग्रहात, प्रबंध टाकायची सवय लागली तशी हीही लागेल. आमच्या संग्रहात मात्र गेल्या वर्षभरात मोजून अकरा प्रती आल्या.

त्या संध्याकाळी मी पेपरच्या पहिल्या लेखकाला मेल केला. रात्री साडेनऊला त्यांनी स्वतःची प्रत पाठवली, सोबत फवारणीबद्दल चार ओळी आणि फोन नंबर. सांगोल्याचा मुलगा आता त्यांच्याशी थेट बोलतो.

तेव्हा सर, मॅडम, पीएचडी करणारी मुलं, तुमची ती वर्ड फाइल कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडून असेल. शोधा. प्रकाशकाचे नियम वाचून काढायचं काम माझं. सोमवार ते शनिवार, दहा ते साडेपाच मी टेबलावर असते. पेन ड्राइव्ह घेऊन या.