कल्पनेचं पेटंट मिळत नसतं: एका फिरत्या मजकुराला उत्तर

'पेटंट घ्या, नाहीतर एंगेलबार्ट व्हाल' अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. संगणक आणि ऑफिसातली यंत्रं यांच्या शोधांच्या काही गोष्टी त्यात ओवल्या आहेत. सार एवढंच की कल्पना ज्याला सुचली आणि पेटंट ज्याने घेतलं, ती वस्तू त्याची. बाकीचे एकतर चोर नाहीतर भोळे. मला तो बऱ्याच जणांनी पाठवला. त्यात स्वतःचं काहीतरी बनवू पाहणारी दोन तरुण मुलंही होती, आणि त्यांनी तो खरा धरला होता. म्हणून हे सविस्तर उत्तर. मजकुरातली वाक्यं आहेत तशी घेतो.

"माऊस शोधणाऱ्या डग्लस एंगेलबार्टने पेटंट घेतलं नाही, म्हणून त्याला एक पैसाही मिळाला नाही."

पेटंट घेतलं होतं. अर्ज २१ जून १९६७ चा, मंजुरी १७ नोव्हेंबर १९७० ची, अमेरिकी क्रमांक ३५४१५४१. मथळ्यात 'माऊस' हा शब्द शोधायला जाल तर सापडणार नाही. तिथे 'डिस्प्ले यंत्रणेसाठी एक्स-वाय स्थानदर्शक' असं नाव आहे. संशोधक म्हणून नाव एंगेलबार्ट यांचं, पण हक्क स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे, कारण ते तिथे नोकरीला होते. नोकरीत लागलेल्या शोधाचे हक्क संस्थेकडे जाणं ही तेव्हाची रीत होती आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच आहे.

दुसरं कारण तारखांमध्ये आहे. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे. म्हणजे हे पेटंट नोव्हेंबर १९८७ मध्ये संपलं, आणि माऊस घरोघर पोचला तो त्यानंतर. मधल्या काळात अ‍ॅपलने परवाना घेतला. एंगेलबार्ट यांनी पुढे सांगितलेला आकडा सुमारे ४० हजार डॉलरचा आहे, आणि ते पैसेही संस्थेचे. त्यांच्या स्वतःच्या हाती मोठी रक्कम आली ती १९९७ मध्ये, लेमेलसन-एमआयटी पुरस्काराची: ५ लाख डॉलर.

शिवाय त्या पेटंटातल्या माऊसच्या पोटात दोन चाकं आहेत, एकमेकांना काटकोनात बसवलेली. खाली गोळी असलेला माऊस वेगळ्या वाटेने आला. जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीने गोळीचं असंच उपकरण ऑक्टोबर १९६८ मध्ये जाहीर केलं होतं. एंगेलबार्ट यांनी लोकांसमोर केलेलं माऊसचं गाजलेलं प्रात्यक्षिक त्याच वर्षी ९ डिसेंबरला झालं. आणि एंगेलबार्ट यांचा पहिला लाकडी नमुना ज्यांनी घडवला त्या बिल इंग्लिश यांनी पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गोळीचा माऊस तयार केला. यात चोर कुणी नाही.

"चेस्टर कार्लसनने फोटोकॉपीचं पेटंट घेतलं आणि त्या एका कागदावर झेरॉक्स कंपनी उभी राहिली."

या वाक्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण यात माणसांची वीस वर्षांची मेहनत गाळून टाकली आहे. कार्लसन स्वतः एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करत. पेटंटच्या प्रती हाताने उतरवून काढायच्या, आकृत्यांच्या प्रतींसाठी बाहेर पाठवायचं, या कटकटीतूनच नक्कल काढणाऱ्या यंत्राचा ध्यास त्यांनी घेतला. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात, भाड्याच्या खोलीत, ओटो कॉर्नाय या मदतनिसाबरोबर त्यांनी पहिली प्रत काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो रुमालाने घासून त्यावर विद्युतभार आणला, अक्षरं लिहिलेली काच वर ठेवून प्रकाश टाकला, आणि मग बारीक पूड भुरभुरवली. जिथे प्रकाश पडला नव्हता तिथेच पूड चिकटली. मेणाच्या कागदावर उमटलेली अक्षरं होती '१०.-२२.-३८ अ‍ॅस्टोरिया'.

पेटंट मंजूर झालं ६ ऑक्टोबर १९४२ ला. त्याआधी आणि नंतर मिळून वीसहून अधिक कंपन्यांनी नकार दिला. १९४४ मध्ये बॅटेल ही संशोधन संस्था पुढे आली, १९४७ मध्ये हॅलॉइड नावाची फोटोचा कागद बनवणारी छोटी कंपनी. गंधकाच्या जागी सेलेनियम वापरलं तर प्रत कितीतरी चांगली येते हे बॅटेलमध्ये उमगलं. रुमालाऐवजी उच्च विद्युतदाबाच्या तारेतून भार देणं, पूड नीट पसरवणं, ती कागदावर पक्की करणं, प्रत्येक पायरीवर कुणाचं तरी डोकं आणि कुणाचं तरी पेटंट आहे. या सगळ्याचं जे यंत्र झालं ते झेरॉक्स ९१४, वजन सुमारे २९४ किलो. ते लोकांसमोर आलं सप्टेंबर १९५९ मध्ये.

आता १९४२ मध्ये १७ मिळवा. कार्लसन यांच्या मूळ पेटंटची मुदत ऑक्टोबर १९५९ मध्ये संपली! यंत्र बाजारात आलं आणि ज्या कागदावर म्हणे कंपनी उभी राहिली, त्याची मुदत काही आठवड्यांत सरली. कंपनीने पुढची बारा-पंधरा वर्षं बाजार ताब्यात ठेवला तो मागाहून घेतलेल्या शेकडो सुधारणांच्या पेटंटांवर. ती जाळी इतकी दाट झाली की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये कारवाई सुरू केली आणि १९७५ च्या तडजोडीनुसार झेरॉक्सला आपली पेटंटं प्रतिस्पर्ध्यांना परवान्यावर खुली करावी लागली. कार्लसन यांना पैसा मिळाला, भरपूर मिळाला, आणि त्यांनी त्यातला बहुतेक दान करून टाकला. पण तो पहिल्या कागदाचा चमत्कार नव्हता.

"पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचं पेटंट एकर्ट आणि मॉकली यांच्याकडे आहे, म्हणजे शोध त्यांचाच."

पेटंट त्यांना मिळालं हे खरं, पण ते टिकलं नाही, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमकं हेच सांगितलेलं नाही. एनियाक या त्यांच्या संगणकाच्या पेटंटचा अर्ज २६ जून १९४७ चा, मंजुरी ४ फेब्रुवारी १९६४ ची. स्पेरी रँडकडे हक्क होते आणि ती कंपनी साऱ्या उद्योगाकडून रॉयल्टी मागत होती. संगणक बनवणारी दुसरी कंपनी हनीवेल न्यायालयात गेली. १९ ऑक्टोबर १९७३ ला न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी ते पेटंट रद्द ठरवलं.

कारणं दोन गटांतली. एक, आयोवातले प्राध्यापक जॉन अटानासॉफ आणि त्यांचे विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनी आधीच इलेक्ट्रॉनिक गणनायंत्र बांधलं होतं, आणि मॉकली यांनी जून १९४१ मध्ये तिथे जाऊन ते पाहिलं होतं. दोन, अमेरिकी कायद्यानुसार वस्तू वापरात आल्यावर किंवा जाहीर झाल्यावर वर्षभरात अर्ज करावा लागे. एनियाकवर १९४५ च्या डिसेंबरातच गणितं सुरू झाली होती, १९४६ च्या फेब्रुवारीत त्याचं जाहीर प्रदर्शन झालं होतं, आणि नव्या संगणकाच्या रचनेवरचा गणितज्ञ फॉन नॉयमन यांचा अहवाल जून १९४५ पासून हातोहात फिरत होता. अर्जाला उशीर झाला होता.

अटानासॉफ यांच्या यंत्राचं पेटंट मात्र कधीच निघालं नाही. कॉलेजकडून अर्जाचं काम अर्धवट राहिलं. म्हणजे पेटंट नसलेल्याला न्यायालयाने मान दिला आणि पेटंट असलेल्याचं काढून घेतलं. यावरून एनियाक कमी दर्जाचा ठरत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. अटानासॉफ यांचं यंत्र एकसामयिक समीकरणं सोडवण्यापुरतं होतं; एनियाक जवळपास १८ हजार इलेक्ट्रॉनिक निर्वात नळ्यांचा होता आणि जोडणी बदलून निरनिराळी कामं करत होता. कोणता शोध मोठा हे पेटंट सांगत नाही.

याच मजकुरात 'अर्ज करण्याआधी कुणाला दाखवू नका' असा सल्ला आहे. तो बरोबर आहे. कित्येक देशांत वर्षभराची ती सवलतही मिळत नाही.

"एका शोधाचं पेटंट एकालाच मिळतं. चिपचं जॅक किल्बीला मिळालं, बाकीच्यांनी नक्कल केली."

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या किल्बी यांचा अर्ज ६ फेब्रुवारी १९५९ चा. फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांचा त्याच वर्षी ३० जुलैचा. नॉइस यांना पेटंट आधी मिळालं, २५ एप्रिल १९६१ ला. किल्बी यांना २३ जून १९६४ ला. दोन्ही पेटंटं मंजूर झाली, कारण दोघांचे दावे वेगळे होते.

इथे 'दावे' म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण त्या मजकुरात हा शब्द एकदाही येत नाही. पेटंटाच्या कागदात आकृत्या असतात, वर्णन असतं, आणि शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्यं असतात. हक्क मिळतो तो त्या वाक्यांपुरता. आधीच्या पानांवर कितीही सुंदर कल्पना मांडलेली असो, जे दाव्यात उतरलं नाही ते तुमचं नाही, आणि दाव्यातला प्रत्येक शब्द तुमची सीमा आखतो.

किल्बी यांनी एकाच अर्धवाहक तुकड्यावर सगळे घटक बसवून दाखवले, पण त्यांच्या आकृतीत घटक जोडणाऱ्या सोन्याच्या तारा हवेत कमानीसारख्या वळलेल्या दिसतात. अशा तारा हाताने जोडून लाखो चिप करता येत नाहीत. नॉइस यांनी ऑक्साइडच्या, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, थरावर धातूच्या पट्ट्या चिकटवूनच जोडणी केली. किल्बी यांच्या वर्णनात मात्र एक वाक्य होतं: सोन्यासारखा वाहक पदार्थ निरोधक थरावर 'घालता' येईल. या 'घालण्या'त नॉइस यांच्या दाव्यातलं 'चिकटलेलं असणं' येतं का? इतक्या मोठ्या उद्योगाचा वाद शेवटी या एका क्रियापदाशी येऊन थांबला. पेटंट कार्यालयाच्या मंडळाने किल्बी यांच्या बाजूने कौल दिला. अपील न्यायालयाने १९६९ मध्ये तो फिरवला. घातलेलं प्रत्येक वेळी चिकटतंच असं नाही, म्हणून जोडणीचा हक्क नॉइस यांचा.

हे वाचताना मला दरवेळी वाटतं, किल्बी यांचा अर्ज घाईघाईत लिहिणाऱ्या वकिलाला एक शब्द अधिक सुचला असता तर? पण तोवर कंपन्या कोर्टासाठी थांबल्याही नव्हत्या. १९६६ मध्येच टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स आणि फेअरचाइल्ड यांनी परस्परांना परवाने देऊन टाकले होते, कारण चिप बनवायची तर दोघांचंही लागत होतं. २००० साली किल्बी यांना नोबेल मिळालं. नॉइस १९९० मध्येच गेले होते.

"क्वर्टी कीबोर्डचं पेटंट टायपिस्टचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी घेतलं गेलं."

क्वर्टी म्हणजे आजच्या इंग्रजी कीबोर्डची मांडणी, जिच्या वरच्या ओळीची सुरुवात क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय अशी होते. ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या साथीदारांच्या १८६८ च्या टाइपरायटर पेटंटात क्वर्टी नाहीच. तिथल्या कळा पियानोसारख्या आहेत. क्वर्टीच्या जवळची मांडणी शोल्स यांच्या १८७८ च्या पेटंटात दिसते, आणि त्यातही 'एम' ही कळ 'एल'च्या शेजारी आहे. वेग कमी करावा असा दावा तिथे नाही. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून जोडीने येणारी अक्षरं लांब नेली, असं सांगितलं जातं. अडकणं टळलं तर वेग वाढेल, कमी होणार नाही. आणि इंग्रजीत सतत जोडीने येणारी 'ई' आणि 'आर' तर क्वर्टीत शेजारी शेजारीच आहेत.

"एकदा पेटंट घेतलं की ते जगभर चालतं."

जागतिक पेटंट नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. आंतरराष्ट्रीय अर्जाची सोय आहे, पण मंजुरी देशोदेशी वेगळी घ्यावी लागते, प्रत्येक ठिकाणी शुल्क भरून.

"प्रिंटरच्या काडतुसावर पेटंट असतं, म्हणून ते पुन्हा भरणं हा गुन्हा आहे."

या वाक्यामुळे लोकांनी चांगली काडतुसं कचऱ्यात टाकली असतील, म्हणून हे नीट वाचा. पेटंटधारकाचा हक्क वस्तूच्या विक्रीबरोबर संपतो, हे तत्त्व जुनं आहे. लेक्समार्क या कंपनीने आपली काडतुसं दोन वेगवेगळ्या किमतींना विकली: एक पूर्ण किमतीचं, दुसरं साधारण २० टक्के स्वस्त, पण 'एकदाच वापरीन आणि परत फक्त कंपनीलाच देईन' या अटीवर. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी पुन्हा भरलेली स्वस्त काडतुसं विकत असे. लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला. ३० मे २०१७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या विरोधात निकाल दिला: काडतूस विकलं, देशात असो की परदेशात, की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला, अट काहीही घातलेली असो.

हा अमेरिकेचा कायदा झाला. इतर देशांत तपशील वेगळा असू शकतो. कोऱ्या करकरीत नव्या काडतुसाची हुबेहूब नक्कल बनवून विकलीत तर पेटंटभंग होऊ शकतो, यात वाद नाही. आणि सवलतीच्या बदल्यात ग्राहकाने अट मान्य केली असेल तर कराराच्या कायद्याखाली कंपनी त्या ग्राहकाला जाब विचारू शकते. पण रिकामं काडतूस उचलून त्यात शाईची पूड भरणाऱ्याला पेटंट दाखवून अडवता येत नाही, कारण ते पेटंट पहिल्या विक्रीच्या वेळीच आपली किंमत वसूल करून गेलेलं असतं.