पाचाचे दहा कुणाला जड?

'दहा रुपयांत हल्ली चहा तरी येतो का?' हा मुंबईच्या बेस्ट बसच्या भाडेवाढीची बाजू घेणाऱ्या लेखातला युक्तिवाद काही पटला नाही. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० झालं, एसीचं ६ वरून १२. सरळ दुप्पट! धुणीभांडी करणारी बाई मध्ये एकदा बस बदलते. जाऊन-येऊन चार तिकिटं, विसाचे चाळीस. २०१९ मध्ये हेच भाडं ८ वरून ५ वर आणलं, तेव्हा प्रवासी वाढलेच होते ना? आता ती पायी जाईल. कुबड्या घेऊन फिरणाऱ्याला तीही सोय नाही, आणि सवलत हवी तर आधी दाखल्यासाठी हेलपाटे. बेस्ट तोट्यात आहे, मान्य. मग रस्त्याकडेला रात्रंदिवस फुकट उभ्या असलेल्या मोटारींकडून आधी वसूल करा की!