अंक पाठवताय की लगदा?

जुलैचा अंक आज आला. आला म्हणजे काय, पोस्टाच्या पोराने पिशवीतनं एक ओला गोळा काढला आणि कट्ट्यावर ठेवला. पत्त्याची कागदी पट्टी अर्धी सुटलेली, गावाचं नाव पुसून गेलेलं, पिनकोडचे शेवटचे दोन आकडे तेवढे शाबूत. तरी पोचला, कारण त्या गावात आमच्या आत्याशिवाय मासिक येतंय कुणाला. गठ्ठ्याला सुतळी करकचून बांधली असणार, अंकाच्या दोन्ही कडांना मधोमध खाच पडलीय आणि ती पार आतल्या पानांपर्यंत गेलीय. मुखपृष्ठावर चित्र कसलं होतं सांगता येणार नाही, निळं होतं एवढं नक्की, कारण तो निळा आता आतल्या संपादकीयावर उतरलाय. आणि गुळगुळीत कागद एकदा भिजला की पानाला पान चिकटतं, वाळवून सोडवायला गेलात तर अक्षरंच सोलून निघतात, एका पानावरची ओळ दुसऱ्या पानावर उलटी.

शनिवार म्हणून वर्कशॉप लवकर बंद करून आत्याकडे गेलो होतो म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. नाहीतर ती फोनवर "आलाय बाबा, जरा भिजलाय" एवढंच म्हणते. जरा!

मासिकाचं नाव घेत नाही. घेतलं की इथलेच निम्मे लोक इनबॉक्समध्ये येणार, अरे ते आपलेच आहेत, चांगलं काम करतात, तोट्यात चालवतात. माहीत आहे. म्हणूनच तर डोकं फिरतंय.

आत्या राहते जांबोटीच्या पुढं. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, तिथनं अजून वर कणकुंबी, जिथं मलप्रभेचा उगम आहे, आणि त्याच्यापुढं चोर्ला घाट. जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस पडतो असं म्हणायचं नसतं, पाऊस असतोच, आपण मधनंअधनं बाहेर पडायचं. लाईट गेली की दोन दोन दिवस नाही. रेंज अंगणातल्या फणसाखाली येते, तीपण एकाच कंपनीची. टीव्ही असून नसल्यासारखा. ऐंशी पार केलेली एकटी बाई, डोळे अजून चांगले, चाळीस वर्षं बिगरी ते चौथीच्या पोरांना मराठी शिकवलेली. तिला काय पाहिजे? महिन्याला एक अंक. सोनं मागत नाही, गाडी मागत नाही. तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली मी.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट ऐका. अंकात एक लांबलचक कथा होती, आत्या दोन दिवस पुरवून पुरवून वाचत होती, आणि शेवटचं पानच नाही. फाटून गेलेलं, पिनेला नुसता चिटोरा. मला फोन, "अरे त्या पोरीचं शेवटी काय झालं? घरी परत गेली की नाही?" मला काय माहीत! मी मासिकाच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या माणसाने एकदम गोड आवाजात सांगितलं, सर, पीडीएफ टाकतो की व्हॉट्सॲपवर. मी म्हटलं अहो आत्याकडे बटणांचा फोन आहे. तर म्हणतो, मग घरात कुणाच्या तरी मोबाईलवर दाखवा. घरात कुणाच्या! घरात ती आणि मांजर.

पीडीएफ हे उत्तरच मला आवडत नाही. म्हणजे सोय आहे, परदेशातल्यांना बरं पडतं, ठीक. पण पैसे कागदाचे घेतलेत ना? हॉटेलात डोसा मागवला आणि करपला तर तुम्ही डोशाचा फोटो देणार का?

आता पॅकिंगबद्दल बोलतो, कारण ते मला कळतं. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझं छोटं युनिट आहे, पार्ट बनवून पुण्याला, कोईमतूरला पाठवतो. लोखंड आहे ते. फेकलं तरी फुटत नाही. तरी आधी तेल, मग तेलाचा कागद, मग प्लॅस्टिक पिशवी तोंड सील करून, मग खोका, खोक्याच्या कोपऱ्यांना जादा पुठ्ठा, कारण माल कोपऱ्यावरच आपटतो. गंजाचा एक ठिपका दिसला तरी गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतं. आणि इथं कागद, ज्याला पाण्याचं सगळ्यात जास्त भय, तो नुसती कंबरेला चार बोटांची पट्टी गुंडाळून पश्चिम घाटात पाठवायचा, ऐन जुलैत! साधी पारदर्शक पिशवी होलसेलला दोन रुपयांच्या आत मिळते हो. लगेच कुणीतरी कमेंट टाकणार, प्लॅस्टिकला बंदी आहे. 1 जुलै 2022 ची ती बंदी मिठाईच्या बॉक्सवरच्या, आमंत्रणपत्रिकांवरच्या आणि सिगारेटच्या पाकिटांवरच्या फिल्मला आहे, मासिकाच्या पाकिटाचं त्या यादीत नाव नाही. आणि प्लॅस्टिक नकोच असेल तर जाड खाकी पाकीट घ्या, आत मेणकागद घाला. इच्छा पाहिजे.

पोस्टेजचा खर्च झेपत नाही म्हणाल तर तेही ऐकून घेणार नाही. रजिस्टर्ड नियतकालिकाला पोस्टाचा सवलतीचा दर कित्येक वर्षं काय होता माहीत आहे? 50 ग्रॅमपर्यंत 25 पैसे, 100 ग्रॅमपर्यंत 50 पैसे, पुढच्या दर 100 ग्रॅमला 20 पैसे. 25 पैशांचं नाणं 2011 मध्ये चलनातनं गेलं, तरी दर तसाच राहिला. म्हणजे तीनशे ग्रॅमचा अंक रुपयाच्या आत बेळगावला पोचायचा. तिकडे वाचले त्यातले दोन रुपये पिशवीला लावा की.

हां, ज्यांना ती सवलत मिळत नाही, त्रैमासिकवाले, छोटे प्रकाशक, त्यांचे हाल आहेत हे मान्य. सवलतीची अटच आहे, दोन अंकांत 31 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. डिसेंबर 2024 मध्ये बुकपोस्टही, म्हणजे छापील पुस्तकांसाठीचं स्वस्त टपाल, अचानक बंद केलं. मग 2025 च्या मे महिन्यात ज्ञान पोस्ट आणलं, 300 ग्रॅमला 20 रुपये, पण ते पुस्तकांना, नियतकालिकं त्यात बसत नाहीत. म्हणजे मासिक हे ज्ञान नाही असं सरकारने ठरवलंय. असो. तो वेगळा विषय, त्याच्यावर एकदा लिहिणार आहे.

पोस्टाला शिव्या घालणं सोपं आहे. घालतोच मी. गठ्ठे उघड्यावर ठेवतात, पावसात उतरवतात, पिशव्या आपटतात, आणि तक्रार करायला गेलं तर कायदा तयार, साध्या टपालाच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. 1898 च्या कायद्यात तसंच होतं, 2023 चा नवा कायदा आला, त्यातही पोस्टाने तेवढं कलम जपून ठेवलं. बाकी सगळं बदललं! पण आत्याच्या गावात जो पोरगा टपाल आणतो त्याला मी एक शब्द बोलणार नाही. ग्रामीण डाक सेवक. कागदावर चार तासांचं काम, बेसिक दहा हजार, आणि त्यात मनिऑर्डर, पेन्शनचे पैसे, आता लोकांच्या ऑनलाइन खरेदीची खोकीसुद्धा, सगळं त्याच्याच बाईकवर. आज अंक ठेवताना त्याचाच चेहरा पडला होता. आपला रेनकोट उघडून दाखवला, आतला शर्ट कोरडा, आणि म्हणाला, "काकी, मी कोरडाच आणलोय बघा, पोत्यातनंच असला आलाय." आत्याने त्याला चहा दिला. बरोबर केलं.

तर परत त्या कथेकडे. पीडीएफवाला फोन ठेवायला लागला तेवढ्यात मागनं एका मुलीचा आवाज आला, आजींचा नंबर द्या, मी बोलते. दिला. त्या मुलीने त्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आत्याला फोन लावून शेवटचं अख्खं पान वाचून दाखवलं. आत्या छत्री धरून फणसाखाली उभी, कानाला फोन, मध्ये दोनदा कट झाला, त्या पोरीने दोन्ही वेळा परत लावला. मी ओळखत नाही तिला, तिने नाव सांगितलं नाही आणि आत्यानेही विचारलं नाही. हे आत्याने मला सांगितलं तेव्हा खरंच गळा दाटून आला, खोटं कशाला बोलू. आणि मग मी विचारलं, काय झालं गं शेवटी त्या पोरीचं? तर आत्या म्हणते, "काय होतंय, नदीकडे बघत उभी राहिली. असला शेवट असतोय होय? फाटला तेच बरं झालं होतं."

म्हणजे बघा, माणसं वाईट नाहीत. त्या ऑफिसात अशी पोरगी आहे. आणि तरीही पुढचा अंक त्याच पट्टीत, त्याच सुतळीत, तसाच भिजलेला. वैतागायचं कुणावर मग? त्या पोरीला फोनवर पान वाचायला लावण्यापेक्षा तिच्या साहेबाला पाकिटांची ऑर्डर द्यायला काय जड जातंय?

आणि आता खरं दुखणं. हेच लोक दरवर्षी 1 नोव्हेंबर आला की आमच्या काळ्या दिनावर, म्हणजे 1956 ला आमचा सीमाभाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आताच्या कर्नाटकात, गेला त्या दिवसावर, हळवं लिहिणार. सीमाभागातला मराठी माणूस, त्याची जिद्द, त्याचं भाषाप्रेम. साहित्य संमेलनाला इकडे आले की हार घालून घेणार, भाषणात आमच्यासाठी डोळे ओले करणार. डोळे ओले नकोत हो, अंक कोरडा पाठवा. आमच्या प्रेमाची परीक्षा 1956 पासून चालूच आहे, तुमची प्रॅक्टिकल परीक्षा एवढीच आहे, दोन रुपयांची पिशवी.

वर्गणी भरतानाची गंमत तर राहिलीच. वेबसाईटवर फॉर्म, राज्याचा रकाना आधीच भरलेला, महाराष्ट्र, बदलताच येत नाही. जिल्ह्याच्या यादीत बेळगाव नाही, बेळगावी पण नाही. महाराष्ट्राने 2004 साली या सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा लावला तो अजून लोंबकळतोय, आणि इथं एका ड्रॉपडाऊनने आम्हाला झटक्यात महाराष्ट्रात घेतलं! मी हसत हसत सांगली निवडलं आणि खाली पत्त्यात ता. खानापूर, जि. बेळगाव, कर्नाटक असं ठळक लिहिलं. पण सांगली जिल्ह्यातही एक खानापूर तालुका आहे, विट्याकडचा. पहिले अंक गेले तिकडे. 591 ने सुरू होणारा पिनकोड डोळ्यांसमोर असताना! पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला तो असल्याच गोंधळासाठी, एकसारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते. आणि तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपला मराठी माणूस, पोस्टातला मोठा अधिकारी, वर संस्कृत कवी. पहिला आकडा 4 असला तर महाराष्ट्राकडचा, 5 असला तर आमच्याकडचा, शाळेतल्या पोराला कळेल. मराठी मासिकाच्या ऑफिसात कळलं नाही. फोन करून करून तेवढं दुरुस्त करून घेतलं एकदाचं.

कागद महागलाय, वर्गणीदार कमी होतायत, नवीन पिढी वाचत नाही, ही रड मलाही पाठ आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण आहे तो वर्गणीदार टिकवायचा की त्याला वैताग आणून सोडायला लावायचं? इथं दुकानात मासिक सहज मिळत नाही हो. बेळगावात तरी मिळतं काही, सार्वजनिक वाचनालय आहे 1848 पासूनचं, तिथं जाऊन बसता येतं. जांबोटीच्या वर काय आहे? तिथं मराठी छापील अक्षर पोचवणारी शेवटची वस्तू म्हणजे तो पोस्टाचा पोरगा. आत्याने चिकटलेली पानं चुलीजवळच्या दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातली होती, मग मधे वर्तमानपत्राचे कागद घालून वरनं पाटा ठेवला. शब्दकोड्याचं पान तेवढं सुटलं, अर्धं. उभे शब्द आहेत, आडव्यांच्या सूचना गेल्या. ती अर्धंच सोडवत बसली होती, तक्रार नाही काही नाही, उलट मलाच विचारते, "तीन अक्षरी, शेवटी ळ, सांग बघू." मला तिथं राग आवरेना, म्हणून अंगणात जाऊन ऑफिसला फोन लावला, तर शनिवार, बंद.

आता दिवाळी अंकांच्या आगाऊ नोंदणीचे मेसेज सुरू झालेत. का. र. मित्र यांनी 1909 ला त्यांच्या मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे हे वेड आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, मी यंदाही घेणार, रागाने का होईना. पण पोस्टाने नाही. तुमच्यातले पुण्याहून गणपतीला खानापूर, बेळगाव, निपाणीकडे येणारे कोण कोण आहेत ते खाली लिहा. ऑगस्टचा अंक आणि जुलैची एक धड प्रत पुण्यात घेऊन ठेवायची व्यवस्था मी करतो, पैसे आधी पाठवतो, तुम्ही फक्त बॅगेत कपड्यांच्या मधे घालून आणा. बेळगाव स्टँडवर मी घ्यायला येतो. जांबोटीपर्यंत येणार असाल तर आत्याकडे जेवण, तांदळाची भाकरी आणि आळूचं फदफदं. आणि कुणाला ळ वाला शब्द सुचला तर तोही टाका, सूचना आहे "पावसाळ्यात हमखास".