चेलिना सेगीचं १९४१ चं सुवर्ण

इटलीची स्कीपटू चेलिना सेगी हिच्यावरच्या लेखात १९५० मधल्या अ‍ॅस्पेनच्या जागतिक स्पर्धेतल्या कांस्यपदकावर दोन परिच्छेद आहेत आणि इटलीतल्या कोर्तिनाची १९४१ ची स्पर्धा एका ओळीत उरकलीय! ऐन युद्धात, विशीतल्या या मुलीने तिथे जागतिक स्पर्धेत स्लॅलमचं (खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीचं) सुवर्ण जिंकलं. १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने ती स्पर्धाच रद्दबातल ठरवली, कारण जर्मनी-इटलीच्या गोटातले आणि काही तटस्थ देश सोडले तर कुणी आलंच नव्हतं. निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण भुर्दंड खेळाडूंनाच पडला. त्यात १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकही गेली (१९४४ ची हिवाळी स्पर्धा तर कोर्तिनालाच व्हायची होती). म्हणजे ऐन उमेदीची वर्षं कोरडी. पुढे ऑलिंपिकमध्ये १९४८ ला सेंट मॉरिट्झमध्ये कंबाइन्डमध्ये (वेगाने उतरायची डाउनहिल आणि स्लॅलम मिळून) चौथी, १९५२ ला ऑस्लोत स्लॅलममध्ये पुन्हा चौथी, तेही एकतिसाव्या वर्षी. नशीब म्हणतात ते हेच. बाई २०२२ मध्ये गेल्या, १०२ वर्षं जगून.

आणि लेखात एक दुरुस्ती हवी: त्यांचं आबेतोने गाव आल्प्समध्ये नाही, तोस्कानातल्या अपेनाइन्स डोंगरात आहे. ऑस्लोचा डाउनहिल विजेता झेनो कोलोही तिथलाच.